वापस यायचा रस्ता

हमीदभाई, तुमच्या निधनाची बातमी मीच लिहिली. नाव, गाव, वय, दफनविधी, मागे कोण कोण. तुम्ही ती वाचली असती तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "ह्यात मी कुठं हाय?" प्रश्न रास्त आहे. बातमीला जागा तेवढीच असते. जे तिथे बसलं नाही ते इथे लिहितो आहे आणि तुम्हालाच सांगतो आहे, कारण यातलं निम्मं तुम्हाला पटणार नाही.

तुमचं दुकान वारंगा फाट्यावर होतं. ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, डायनामो, हॉर्न, दिवे. दिवसभर धूळ, धूर आणि ड्रायव्हरांच्या हाका. तरीही डोळे मिटले की तुम्ही मला त्या दुकानात दिसत नाही. तुम्ही पाण्यावर दिसता. सिद्धेश्वर धरणाच्या मधोमध, बंद पडलेल्या बोटीत, इंजिनावरची फळी बाजूला करून गुडघ्यांवर बसलेले. भोवतीचं पाणी इतकं स्थिर की बोट सरकते आहे की काठ सरकतो आहे, ते ठरवता येत नाही.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. धरणाच्या पलीकडच्या अंगाला एक बंजारा तांडा होता. अलीकडे सिद्धेश्वर, तिथलं हायस्कूल, दवाखाना आणि जवळा बाजारला जाणाऱ्या जीप. रस्त्यानं यायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा. म्हणून तांड्यानं लिलावात एक जुनी लोखंडी बोट घेतली होती. तिचं डिझेल इंजिन मागे टांगलेलं नव्हतं. बोटीच्या पोटात, मधल्या फळीखाली बसवलेलं होतं, आणि त्या फळीवर माणसं बसायची. बोट सोमला राठोड चालवायचा. बोलायला कमी, हसायला उशीर, असा माणूस.

सोमलाची मुलगी कमल आणि तिच्या बरोबरीच्या काही मुली त्या बोटीनं हायस्कुलात येत. तांड्यातल्या मुली सातवीच्या पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ होती. धनसिंग नाईकांनी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांनी, एका अटीवर होकार दिला होता: दिवस मावळायच्या आत मुली घरी.

त्या हिवाळ्यात बोट अडायला लागली. धावतं इंजिन कधी बंद पडलं नाही. पण मधल्या भागात मच्छीमारांची जाळी असतात. जाळं बोटीच्या पाण्यातल्या पंख्याला गुंडाळलं की सोमलाला इंजिन थांबवून, वाकून ते कापून काढावं लागे. मग तो सेल्फ मारी, म्हणजे बॅटरीवरची स्टार्टर मोटर फिरवायला बटण दाबी, आणि इंजिनाच्या पोटातून फक्त एक 'टक' असा आवाज येई. हँडलनं फिरवून सुरू करायची सोय त्या इंजिनाला नव्हती. एकदा मुली बोटीत असताना असं झालं. मच्छीमारांनी बोट ओढत काठाला आणली तेव्हा अंधारून आलं होतं आणि अख्खा तांडा पाण्यापाशी उभा होता. नाईक रागावले नाहीत. सोमलाला एवढंच म्हणाले, "अजून एक डाव असं झालं, तर पोरींची शाळा बंद."

तुम्ही या गोष्टीत आलात ते तुमच्या बहिणीमुळे. जुलेखाआपांचं घर सिद्धेश्वरला, शाळेला लागून. मुली मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे पाणी प्यायला जात. आपांनी निरोप धाडला, आणि तुम्ही दुकान बंद करून आलात. मी धरणातल्या पाणीसाठ्याची बातमी करायला तिथे गेलो होतो. काठावर एक माणूस बॅटरी खांद्यावर घेऊन चिखलातून बोटीकडे चालला होता. तुम्ही माझ्याशी पहिलं वाक्य बोललात ते असं: "पेपरवाले, रिकामे असाल तर ही पिशवी धरा."

तुम्ही बॅटरी बदलली. टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुतला, ग्रीस लावलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. हात पुसत तुम्ही सोमलाला म्हणालात, "आता शादीच्या घोड्यावानी पळंल." आठवड्यानं निरोप आला, बोट परत अडली. तुम्ही सेल्फ उघडला, झिजलेले कार्बन बदलले. इंजिन सुरू झालं. पुन्हा निरोप. तुम्ही स्विचपासूनची वायर नवी टाकली. पुन्हा तेच. नशीब, या खेपांना मुली बोटीत नव्हत्या. काठावर बोट अगदी शहाण्यासारखी वागायची आणि तुम्ही फाट्यावर परतलात की मधल्या पाण्यात अडायची.

दर वेळी एक बाई तुम्हाला काहीतरी सांगत होत्या. सोमलाची बायको चांदीबाई. आठवडी बाजाराला जाता-येता त्या नेमानं इंजिनावरच्या फळीवर बसत.

"भाई, बुडाखाली जळका वास येऊन राहिला."

"डिझेलचा वास हाय, भाभी."

"डिझेलचा वास मला ठाऊक न्हाई व्हय? रोज त्याच्याच जवळ निजते मी."

सोमला मान खाली घालून हसला होता. तुम्ही हसलात, आणि बॅटरीकडे वळलात. चांदीबाई म्हणाल्या, "बघा, तिचंच तोंड बघा. लगीन लावून टाका एकदाचं."

आपला वाद त्याच दिवसांत सुरू झाला. तुमचं म्हणणं होतं, पाणीच करंट पितं. "लोखंडाची बोट, चारी अंगानं पाणी. बॅटरी भरली की पाणी पिऊन राहिलं." मी म्हणालो, धरणाचं गोडं पाणी आणि बारा व्होल्टची बॅटरी, एवढ्यानं ती रिकामी होणार नाही, मी विज्ञानाच्या शिक्षकांना विचारलं आहे. तुम्ही विचारलंत, "मास्तरनी बोट पाह्यली का?" नव्हती पाहिली. "मंग त्यानं पुस्तकातली बॅटरी सांगितली." हा वाद मिटला नाही. मी अजूनही शिक्षकांच्या बाजूनं आहे, आणि समोर आता कोणी नाही.

मग तो रविवार. शाळा नव्हती, मुली नव्हत्या. तुम्ही सोमलाला म्हणालात, "काठावर ती आपल्याला बनवून राहिली. बीच पाण्यात नेऊन बंद करा." चांदीबाईंना तांड्याकडे परतायचं होतं, म्हणून त्याही चढल्या, मांडीवर गाठोडं घेऊन. मधोमध आल्यावर सोमलानं इंजिन थांबवलं.

ती शांतता मला आजही जशीच्या तशी आठवते. आवाज बंद झाला म्हणून ती आली असं वाटलं नाही. ती आधीपासून तिथे होती आणि आपण तिच्या आत येऊन थांबलो, असं वाटलं. पलीकडच्या काठावर कोणी लाकूड तोडत होतं. कुऱ्हाड पडताना दिसायची आणि आवाज नंतर, वेगळ्याच दिशेनं यायचा. बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर होते आणि प्रत्येक शेंड्यावर एक पक्षी. बोट हळूहळू स्वतःभोवती फिरत होती. सूर्य कधी तुमच्या पाठीवर, कधी तोंडावर.

चांदीबाई कडेवरून वाकून पाण्यात बघत होत्या. "हितं खाली आमचा जुना तांडा हाय," त्या म्हणाल्या. एसटीच्या खिडकीतून गाव दाखवावं तसं त्यांनी दाखवलं: इकडे सासऱ्याचं घर, तिकडे विहीर, ती वाट बाजाराची. पाणी हिरवं होतं; मला काही दिसलं नाही. तुम्ही मात्र बराच वेळ वाकून राहिलात. मग म्हणालात, "दिवा कोणाच्याच घरी न्हाई दिसत."

"निजले सगळे," चांदीबाई म्हणाल्या.

सोमलानं सेल्फ मारला. 'टक.' बोट पुन्हा अडली होती, आणि या वेळी तुम्ही तिच्यात होता.

फळी उघडायला तुम्ही चांदीबाईंना उठायला सांगितलं. उठता उठता, गाठोडं सांभाळत, त्या सहज बोलल्या, "रबर टाकलं तवापासून थरथर गेली, बरं झालं. पण ह्यो वास लागला मागं."

तुमचा हात फळीवर थांबला. "कंचं रबर?"

मग सोमलानं सांगितलं. इंजिन सुरू झालं की सगळी बोट थरथरायची. फळीवर बसलेल्या बायकांच्या हातातल्या बांगड्या काठापर्यंत वाजत राहायच्या, बोललेलं समजायचं नाही, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायचे. बायका मागे लागल्या. म्हणून दिवाळीच्या सुमारास त्यानं ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून इंजिनाच्या पायांखाली घातले होते.

"टायर कुठून आणला?"

"तुमच्या दुकानाशेजारून. दिवाळीत, वळख नव्हती तवा. तुमीच म्हणले, घेऊन जा."

"काहून पायजे, ते का न्हाई सांगितलं?"

"तुमी न्हाई विचारलं, भाई. अन् रबराचं अन् बॅटरीचं काय?"

अख्ख्या तांड्याला ते रबर माहीत होतं. रोज त्यावर बसत होते सगळे. विजेच्या माणसाला रबराचं कशाला सांगायचं, म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही ट्रॅक्टरच्या सवयीनं आला होतात, जिथे इंजिन आणि गाडीचं लोखंड एकच असतं.

तुम्ही पिशवीतून तपासायचा छोटा बल्ब काढला. त्याची एक वायर इंजिनाला लावली, दुसरी बोटीच्या पत्र्याला. एकच लोखंड असेल तर दोन्हींमध्ये बल्ब लागायचं कारण नाही. तो लागलेला नव्हता. "सोमला, मार सेल्फ," तुम्ही म्हणालात, आणि फळीखालच्या सावलीत तो बल्ब पेटला. पिवळा, लहान, स्वच्छ. सोमलानं बटण सोडलं, बल्ब विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा पेटला. तुम्ही उगाचच आणखी एकदा दाबायला लावलंत. मला वाटतं, तुम्हाला फक्त बघायचं होतं.

मग तुम्ही रेसच्या, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवायच्या, केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ती तापली होती. तिच्यावरचं प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं.

त्या दिवशी तुम्ही मला समजावलं ते इथे नीट लिहितो. बॅटरीची एक तार सेल्फला जाते, दुसरी बोटीच्या पत्र्याला कसलेली होती. करंट सेल्फमधून इंजिनाच्या लोखंडात येतो आणि पत्र्यातून बॅटरीकडे परततो. मध्ये रबर आल्यावर इंजिन पत्र्यापासून सुटलं. जोड उरला तो पायांतल्या गंजक्या बोल्टांचा आणि रेसच्या बारीक केबलचा. बोल्ट ज्या दिवशी नीट टेकले त्या दिवशी बोट सुरू. नाही टेकले की सेल्फचा सगळा भार त्या केबलवर. तुम्ही काठावर पान्हा लावून काही ना काही हलवायचात, बोल्ट जागेवर बसायचे, आणि तुम्हाला वाटायचं, बॅटरीनं काम केलं.

"जायचा रस्ता मी रोज साफ करून राहिलो," तुम्ही म्हणालात. "वापस यायचा रस्ताच न्हाई हितं."

आणि मग चांदीबाईंकडे वळून, "भाभी, नाक तुमचं बराबर होतं."

"नाकाला काय लागतंय," त्या म्हणाल्या. "कान लागतेत समोरच्याला."

तुमच्या पिशवीत चिमट्यांची जाड तार होती. एक चिमटा इंजिनाला, दुसरा बॅटरीच्या मायनसला लावला की काम झालं असतं. तुम्ही तार हातात घेतली, आणि लावली नाही. "थोडं थांबू," म्हणालात. "फाट्यावर अशी शांती न्हाई." आपण चौघं तसेच तरंगत राहिलो. सोमलानं विडी पेटवली. चांदीबाईंनी गाठोड्यातले शेंगदाणे सगळ्यांच्या ओंजळीत घातले. बोट फिरत होती. त्या वेळी तुम्ही काय विचार करत होतात, हे नंतर इतक्या वर्षांत मी विचारलं नाही. माझ्या धंद्यात प्रश्न विचारणं हेच काम, आणि तो एक प्रश्न राहिला.

इंजिन पहिल्याच दाबाला सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कायमची जाड तार टाकली. रबर काढू का, असं सोमलानं विचारलं. चांदीबाईंनी ते काढू दिलं नाही.

पण नाईकांना तार दाखवून भागणार नव्हतं. तांड्यात एखादी गोष्ट नक्की होते ती नाईकांसमोर बसून, जबान देऊन. आपण गेलो. सोमला अंग चोरून बसला होता. कमल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि आत ये म्हटलं तरी येत नव्हती.

"बोट बंद पडणार न्हाई, अशी जबान द्या," नाईक म्हणाले.

तुम्ही ट्रकवाल्यांना उठता बसता गॅरंटी देणारे. मला वाटलं, आता देऊन टाकतील. तुम्ही म्हणालात, "वायरची देतो. जाळ्याची न्हाई देत, वाऱ्याची न्हाई देत."

"मंग पोरी घरी राहतील."

कमलनं चौकट सोडली नाही. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाही. चटईवर बोटानं रेघ ओढत राहिलात. मग म्हणालात, "ज्या दिशी बोट न्हाई, त्या दिशी पोरी माझ्या बहिणीकडं राहतील. तिथंच जेवतील, तिथंच निजतील. सकाळी शाळा."

"तिला विचारलं?"

"न्हाई."

"मंग?"

"मारली तर मला मारील. पोरींना न्हाई."

नाईक हसले, पण लगेच थांबले. आपल्या मुली, दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची चूल. शेवटी चांदीबाई मागून म्हणाल्या, "मी बघून येते घर." दुसऱ्या दिवशी त्या जुलेखाआपांच्या अंगणात जाऊन बसल्या, चहा प्याल्या, चूल बघितली, मोरी बघितली, आपांच्या सासूशी गुडघेदुखीवर बोलल्या. परत येऊन नाईकांना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. सोमवारी मुली बोटीत होत्या.

मी त्याची छोटी बातमी दिली. 'तांत्रिक बिघाड दूर झाल्यानं तांड्याची बोटसेवा पूर्ववत.' तुम्ही तो पेपर घडी करून खिशात आणलात आणि माझ्यासमोर उलगडलात.

"तांत्रिक बिघाड म्हंजे काय?"

"बिघाड. यंत्रातला."

"बाई मैनाभर सांगून राहिली अन् मी ऐकलं न्हाई, त्याला तांत्रिक म्हणतेत?"

"तेवढं लिहायला जागा नव्हती."

"मंग रबर तरी लिवायचं. एक शब्द हाय."

मी म्हणालो, बोट सुरू झाली की नाही, एवढंच वाचकाला हवं असतं. तुम्ही म्हणालात, ती परत का बंद पडंल, हे त्याला पायजे असतं. त्यानंतर फोनवर तुम्ही नमस्काराऐवजी विचारायचात, "काय, आज कंचा तांत्रिक बिघाड?" जिल्हा वेगळा झाला, मोबाइल आले, फाट्यावर दुकानांच्या रांगा वाढल्या, हॉर्न ऐकून ऐकून तुमचे कान गेले, फोनवर तुम्ही ओरडून तेच विचारायचात आणि उत्तर ऐकू न येताच हसायचात.

कमल दहावी झाली. पुढे परभणीला शिकली, तिकडेच नोकरीला लागली. तिच्या मागून तांड्यातल्या मुली येत राहिल्या. वाऱ्याच्या दिवशी त्या आपांकडे राहत. किती वेळा राहिल्या, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत. बोललात ते फक्त तारेबद्दल.

तुमची तिसऱ्या दिवसाची जियारत, म्हणजे कबरीवरची प्रार्थना, उरकून जुलेखाआपा सिद्धेश्वरला परतल्या, त्या संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेलो. घर माणसांनी भरलेलं. अंगणात पुरुष, आत चटयांवर बायका. आपा भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. बाहेर वारा सुटला होता, पाणी उसळत होतं, बोट काठाला बांधलेली होती.

फाटकाशी तांड्यातल्या तीन मुली आल्या. खांद्यावर दप्तरं. अंगणातली गर्दी आणि चपलांचा ढीग पाहून त्या तिथेच थांबल्या. कोणीतरी त्यांना हलक्या आवाजात म्हणालं, "लेकरांनो, आज न्हाई. घरात दुःख हाय." मुलींनी मान हलवली आणि वळल्या. तुम्हाला त्यांच्यातल्या एकीनंही कधी पाहिलेलं नव्हतं.

आपा आतून उठून दारात आल्या. डोळे सुजलेले, पदर डोक्यावरून घसरलेला.

"कोण म्हणलं, आज न्हाई?"

मोठी मुलगी म्हणाली, "आपा, आज आमी दुसरीकडं जातो. सरांकडं विचारतो."

"दुसरीकडं कुठं? भाईनं जबान दिली तवा मला विचारलं न्हाई. आता मोडायची म्हणलं तर मी कोणाला विचारू? या आत."

बायकांनी सरकून चटईवर जागा केली. दोघी धाकट्या दप्तर मांडीवर घेऊन बसल्या. मोठीनं इकडेतिकडे पाहिलं, हात धुतले, आणि कोणाला न विचारता परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. आपा उठायला लागल्या, तर म्हणाली, "बसा, आपा." चूल पेटली. पहिली भाकरी तव्यावरून उतरली ती तिनं मोडून आपांच्या पुढ्यात ठेवली, आणि त्या खाईपर्यंत समोरून हलली नाही.

आपांनी अर्धी भाकरी खाल्ली, हमीदभाई.